गिझर चांगला, मग बोर्ड का जळला?

जुळे सोलापुरातल्या एका मावशींचा जानेवारीत सकाळी साडेसहाला फोन आला. गड्ड्याच्या जत्रेचे दिवस, घर पाहुण्यांनी भरलेलं, सात-आठ आंघोळी एकामागून एक व्हायच्या होत्या. "अरे, न्हाणीच्या बाहेर सुक्या मासळीसारखा वास येतोय. आमच्यात तर कुणी खात नाही. उंदीर मेला असेल म्हणून सगळं घर धुंडाळलं." मी विचारलं, "मावशी, गिझर चालू आहे का?" "आहे की. पाणी तर मस्त तापतंय." म्हटलं, "त्या बोर्डाच्या बटणाला हात लावू नका. मीटरजवळचा मेन पाडा, मी आलोच."

जाऊन प्लेट उघडली. सोळा अँपिअरचं सॉकेट, फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीच्या, भोकाभोवती चहाच्या डागासारखं तपकिरी वर्तुळ. मागच्या बाजूला फेजच्या वायरचं लाल प्लास्टिक दीड इंचापर्यंत फुगून काळं पडलेलं. आतलं तांबं ठिसूळ झालेलं, नखानं दाबलं की तार मोडत होती. आणि स्क्रू? पेचकस लावायची गरजच पडली नाही, बोटानंच फिरला. ज्यानं कुणी फिटिंग केलं होतं त्याला वायर भोकात बसवता आली नसावी, म्हणून त्यानं निम्म्या तारा कापून उरलेल्या तेवढ्या आत सरकवल्या होत्या. मासळीचा वास येत होता तो तापलेल्या प्लास्टिकचा. सॉकेट-बटणात वापरतात त्या काही प्रकारच्या प्लास्टिकला जळताना हुबेहूब तसाच वास येतो. शाकाहारी घरात हा वास आला तर आधी बोर्ड बघायचा.

मावशींनी जे विचारलं ते मला गेल्या पंधरा वर्षांत शंभर घरांत कुणी ना कुणी विचारलंय. "गिझर नवा आहे. एमसीबीपण बसवलेला आहे. मग तो पडला कसा नाही?" एमसीबी म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा खटका.

याचं उत्तर नीट समजलं की घरातल्या निम्म्या बिघाडांची नस सापडते.

वीज कुठूनही वाहिली की थोडी उष्णता होतेच. किती होते हे दोन गोष्टींवर ठरतं: करंट किती वाहतोय आणि त्या जागी त्याला अडथळा किती आहे. या अडथळ्याला रोध म्हणतात, तो ओहममध्ये मोजतात. करंटला करंटनं गुणायचं, मग रोधानं गुणायचं, जो आकडा येईल तेवढे वॅट त्या जागी उष्णतेत जातात. आपला २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो, त्याच्या कॉईलचा रोध साधारण साडेसव्वीस ओहम. ही उष्णता पाण्यात उतरावी म्हणूनच तर कॉईल बनवलेली असते.

पण तेच ८.७ अँपिअर मीटरमधून निघतात, मेन स्विच, एमसीबी, भिंतीतली वायर, बटण, सॉकेट आणि पिन या सगळ्यांतून जातात, आणि न्यूट्रलनं, म्हणजे परतीच्या वायरीनं, तितकेच परत येतात. वाटेतल्या प्रत्येक स्क्रूला तेवढाच करंट पेलावा लागतो. आता हिशोब बघा. मीटरच्या बोर्डापासून न्हाणीपर्यंत २० मीटर वायर गेली असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत एवढ्या लांबीला रोध भरतो साधारण अर्धा ओहम. म्हणजे गिझर चालू असताना त्या वायरीत ३७-३८ वॅट उष्णता होते. ती ४० मीटरवर पसरलेली असते, दर मीटर लांबीला एक वॅटसुद्धा नाही. वायर जराशी कोमट होते, बस.

तोच अर्धा ओहम एका सैल स्क्रूखाली आला तर? वॅट तेवढेच, ३८. पण आता ते ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांकडे जी सोल्डरिंगची इस्त्री असते ती २५ ते ३५ वॅटची असते आणि तिच्या टोकाशी कथील पाण्यासारखं वितळतं. मावशींच्या सॉकेटमागे रोज सकाळी तास-दीड तास अशी इस्त्री तापत होती. वायरवरचं साधं पीव्हीसी प्लास्टिक ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकेल असं धरून बनवतात. त्यापुढे ते आधी मऊ होतं, मग काळं पडतं.

हे एकदा सुरू झालं की आपोआप वाढत जातं. तापलं की तांब्यावर काळा थर चढतो, त्यानं रोध वाढतो, म्हणून आणखी तापतं. सॉकेटच्या आत पिनला धरून ठेवणारी पितळी पकड असते, ती उष्णतेनं ढिली पडते, मग पिनचा जोडही सैल होतो. सुरुवातीला वर्षभर काही कळत नाही, आणि शेवटचे पंधरा दिवस फार झपाट्यानं जातात.

आता एमसीबीकडे येऊ. तो फक्त एवढंच बघतो, की करंट ठरलेल्या आकड्याच्या वर गेला का. त्याच्या आत दोन धातूंची एक पट्टी असते, ती जास्त करंटनं तापून हळूहळू वाकते. आणि एक चुंबकी कॉईल असते, ती शॉर्ट झाल्यावर क्षणात खटका ओढते. सैल स्क्रूनं करंट वाढत नाही. उलट वाटेत अडथळा वाढल्यामुळे तो किंचित कमीच होतो. सोळाच्या एमसीबीतून पावणेनऊ अँपिअर जातायत, म्हणजे त्याच्या दृष्टीनं सगळं आलबेल. एमसीबी वायरीला ओव्हरलोड आणि शॉर्टपासून वाचवायला आहे. जोड सैल आहे हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. ते काम तुमच्या नाकाचं आणि हाताचं.

म्हणून माझं सांगणं असतं की गिझर पंधरा-वीस मिनिटं चालला की बटण बंद करा, आणि कोरड्या हाताची मागची बाजू सॉकेटच्या प्लेटवर ठेवून बघा. कोमट लागली तर चालेल. हात काढून घ्यावासा वाटला तर त्या सॉकेटवर पुन्हा गिझर लावायचा नाही. पिन काढून तिच्या पितळी दांड्या बघा. एकच दांडी काळी-निळी पडली असेल तर दोष त्याच बाजूच्या जोडात आहे. बटण दाबल्यावर आत चुरचुर ऐकू आली किंवा गिझर लावल्यावर त्याच खोलीतला दिवा थरथरला, तरीही तेच. आणि पिन काळी पडलेली असेल तर नुसतं सॉकेट बदलून भागत नाही. काळी पिन नवं सॉकेटही दोन-तीन महिन्यांत जाळते. दोन्ही एकदम बदला.

जोड नीट कसा असतो हेही सांगतो, म्हणजे काम चालू असताना शेजारी उभं राहून बघता येईल. वायरच्या सगळ्या तारा आत गेल्या पाहिजेत, एकही कापायची नाही. प्लास्टिक स्क्रूखाली अडकता कामा नये. टोक पिळून दुमडलेलं असावं, शक्यतो त्यावर लग, म्हणजे धातूची टोपी, दाबलेला असावा. स्क्रू आवळल्यावर वायर ओढून बघायची, हलता कामा नये. जुन्या पेठांतल्या घरांत अजून लाकडी पट्टीवरचं फिटिंग आणि ॲल्युमिनियमची वायर सापडते. तिला तांब्याची वायर पिळून वर काळी टेप गुंडाळली, तर तो जोड टिकत नाही. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू दबत जातं, त्यावर वीज न वाहू देणारा थर चढतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात टेपचा डिंक वाळून ती आपोआप सुटते. अशा घरात गिझर किंवा एसी घ्यायचा तर मीटरपासून तांब्याची वेगळी वायर ओढून घ्या. दोन किलोवॅटच्या गिझरला अडीच चौरस मिलिमीटर, तीन किलोवॅटला किंवा लांब अंतराला चार. स्लॅबच्या पाइपातून वायर जात असेल तर मे महिन्यात तो स्लॅबच इतका तापलेला असतो की वायरीची ताकद आधीच कमी झालेली असते. त्यामुळे एक माप वरचं घेतलं तर पैसे वाया जात नाहीत.

आणि तो सोळाची पिन सहाच्या सॉकेटात घालायचा कन्व्हर्टर. कृपा करून गिझर, हीटर, इस्त्री यांना तो लावू नका. सहा अँपिअरच्या सॉकेटातून नऊ अँपिअर काढले तर बाकी सगळं व्यवस्थित असूनही ते तापणारच.

एमसीबी केव्हा पडतो ते नीट सांगा

"एमसीबी पडतोय" एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. बटण दाबल्याबरोबर पडतो, की दहा-पंधरा मिनिटांनी, की बटण बंद असतानाही पडतो? तिन्ही दुखणी वेगळी आहेत.

दाबल्याबरोबर पडला तर कुठंतरी शॉर्ट आहे. एकदा उचलून बघा. पुन्हा पडला तर तसाच परत उचलू नका. प्रत्येक वेळी त्या शॉर्टच्या जागी मोठा लोळ उठत असतो. गिझरची पिन काढून एमसीबी उचला. राहिला तर दोष गिझरमध्ये, पडला तर वायरीत किंवा सॉकेटात.

दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल तर बहुतेक ओव्हरलोड असतो. त्याच एमसीबीवर वॉशिंग मशीन किंवा स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी आहे का बघा. पण एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. कधी कधी लोड बरोबर असतो आणि खुद्द एमसीबीचाच स्क्रू सैल असतो. तिथं होणारी उष्णता आतल्या पट्टीपर्यंत पोचते आणि पट्टी वाकते. मग माणूस म्हणतो, "एमसीबी कमजोर आहे, मोठा बसवा." सोळाच्या जागी बत्तीसचा बसतो, पडायचा थांबतो, आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. खरं तर आता वायरीचं राखण करायला कुणीच उरलेलं नाही. पूर्वी किटकॅट फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी जाड तार गुंडाळायचे, तोच प्रकार. एमसीबीचा आकडा वायरीच्या मापावर ठरतो, आपल्या सोयीवर नाही.

आरसीसीबी आणि सोलापूरची काळी माती

तिसरं दुखणं, बटण बंद असतानाही खटका पडतो ते, बहुतेक एमसीबीचं नसून दुसऱ्याच खटक्याचं असतं. मेन बोर्डात एक रुंद खटका असतो, त्यावर टेस्टचं छोटं बटण असतं आणि ३० मिलिअँपिअर असं लिहिलेलं असतं. तो आरसीसीबी. त्याचं काम निराळं आहे. फेजनं जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलनं परत आला का, एवढा एकच ताळा तो मांडतो. ०.०३ अँपिअर जरी वाटेत गायब झाला तरी तो पडतो, कारण गायब झालेला करंट कुठून तरी जमिनीत जातोय, आणि ती वाट एखाद्या माणसाच्या अंगातून असू शकते. ओल्या अंगाला २३० व्होल्ट लागले तर याच्या कितीतरी पट करंट वाहू शकतो. त्यामुळे हा खटका न्हाणीघराला हवाच.

गिझरमुळे आरसीसीबी पडत असेल तर बहुतेक वेळा कॉईलचं वरचं कवच चिरलेलं असतं आणि पाणी आत शिरलेलं असतं. एक चकवणारा प्रकार सांगतो. गिझरचं बटण बंद आहे, तरी घरातला आरसीसीबी अधूनमधून पडतो. लोक फ्रीजवर, मोटारीवर संशय घेतात. साधं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. कॉईल न्यूट्रलच्या टोकाजवळ चिरली असेल तर बटण बंद असतानाही परतीचा थोडा करंट तिथून जमिनीत गळतो. गिझरची पिन काढून दोन दिवस बघा. थांबलं तर गुन्हेगार सापडला.

गळणारा करंट जमिनीत नेण्यासाठी अर्थिंग लागतं, आणि इथं आपल्या गावाची माती मध्ये येते. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पावसाळ्यात काळी माती ओल धरते तेव्हा अर्थिंग चांगलं लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की तीच माती सुकून भेगाळते, जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या पाइपापासून सुटते, आणि अर्थिंगचा रोध चढतो. समजा तो २० ओहम झाला आणि गिझरची फेज त्याच्या लोखंडी अंगाला टेकली. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. सोळाचा एमसीबी ढिम्म हलणार नाही. गिझरचं अंग आणि त्याला जोडलेला नळ जिवंत राहील, आणि मीटर पळत राहील तो वेगळाच. म्हणजे आपल्या मातीत नुसत्या अर्थिंगच्या आणि एमसीबीच्या भरवशावर राहता येत नाही. आरसीसीबी असेल तर याच २० ओहमवर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पडेल.

उलट, आरसीसीबी आहे पण अर्थिंगची वायर तुटलेली आहे, तर तो माणसाचा हात नळाला लागेपर्यंत वाट बघेल. त्यातून जीव वाचतो, पण झटका बसतोच. म्हणून दोन्ही हवेत.

अर्थिंग तपासायला बरेच जण फेज आणि अर्थच्या मध्ये १०० वॅटचा बल्ब लावतात. लखलखीत लागला की "एकदम कडक अर्थिंग आहे" म्हणून सांगतात. हा पुरावा मी मानत नाही. १०० वॅटच्या बल्बला अर्धा अँपिअरही लागत नाही. अर्थिंगचा रोध २० ओहम असला तरी बल्बवर फक्त आठ-नऊ व्होल्टांचा फरक पडतो, तो डोळ्यांना कळतच नाही. अर्थ टेस्टरनं आकडा मोजून घ्या, आणि तोही उन्हाळ्यात. पूर्वी महापालिकेच्या नळाच्या लोखंडी पाइपाला अर्थची वायर गुंडाळायची पद्धत होती. आता बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचे पाइप आले. वायर अजून नळाला गुंडाळलेली दिसते, पण ती जमिनीपर्यंत पोचतच नाही. तुमचं घर तीस-चाळीस वर्षांचं असेल तर आज बघून घ्या.

अंगणात मीठ-कोळशाचं अर्थिंग असेल तर होळीनंतर आठवड्यातून दोन बादल्या पाणी तिथं ओता. भांडी विसळलेलं पाणीही चालतं. लोखंडी पत्र्याचा कूलर ज्यांच्याकडे आहे त्यांना तर हे दुप्पट लागू. ओला कूलर, ओली फरशी, अनवाणी मूल आणि वाळलेलं अर्थिंग हे सगळं एकाच महिन्यात एकत्र येतं.

तापत नाही, किंवा तापायला वेळ लागतो

पाणी तापायला उशीर लागला की लोक कॉईल बदलून टाकतात. आधी व्होल्टेज मोजा. कॉईलचा रोध ठरलेला असतो, त्यामुळे व्होल्टेज घटलं की वॅट त्याच्या वर्गाच्या हिशोबानं घटतात. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर २००० वॅटचा गिझर साधारण १२२५ वॅटचा होतो. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला एरवी सोळा मिनिटं लागतात, आता पंचवीस-सव्वीस लागतील. युनिट जवळपास तेवढेच पडतात, अर्ध्याच्या जरासे वर. फक्त वेळ वाढतो. घराशेजारी टॉवेल-चादरीचा कारखाना असेल तर मागांच्या मोटारी सुरू होताना दिवे क्षणभर मंद होतात, कारण सुरू होताना मोटार चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते. ते क्षणभरच असेल तर चिंता नको. सकाळभर १८० व्होल्ट राहत असतील तर दोष वायरीत आहे की बाहेरून कमी येतंय हे मीटरजवळ आणि सॉकेटजवळ, गिझर चालू ठेवून, दोन्हीकडे मोजल्यावर कळतं. दोन आकड्यांत सात-आठ व्होल्टांपेक्षा जास्त फरक म्हणजे वाटेत कुठंतरी आपली ती सोल्डरिंगची इस्त्री बसली आहे.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या कॉईलवर क्षारांचा पांढरा थर चढतो, कढईला चढतो तसा. थरामुळे कॉईलची उष्णता पाण्यात उतरत नाही, कॉईल आतल्या आत जास्त तापते आणि तिचं कवच तडकतं. गिझर तापताना खडखड, तडतड आवाज यायला लागला तर थर जाड झालाय असं समजा. दीड-दोन वर्षांनी कॉईल काढून साफ करून घेतली की ती बरीच टिकते.

गिझर अजिबातच तापत नसेल तर थर्मोस्टॅट (पाणी हवं तेवढं तापलं की वीज तोडणारा भाग) किंवा त्याच्याजवळचा कटआऊट (फार तापलं तर वीज तोडणारा खटका) उडालेला असतो. कटआऊट बहुतेक वेळा टाकी कोरडी असताना गिझर चालू केल्यानं उडतो. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, गच्चीवरची टाकी संपते, आणि गिझरच्या खालच्या व्हॉल्व्हमध्ये बिघाड असेल तर गिझरमधलं पाणीही उलट उतरून जातं. सवयीनं बटण दाबलं की कॉईल हवेत लाल होते. म्हणून आधी गरम पाण्याचा नळ सोडून सलग धार येते का बघायची, मग बटण. कटआऊट एकदा दाबून बसवायला हरकत नाही. पुन्हा उडाला तर त्याला बगल देऊन गिझर थेट जोडायला कुणी सांगितलं तर साफ नाही म्हणा. टाकी फुटण्यापासून वाचवणाऱ्या गोष्टींपैकी ती एक महत्त्वाची आहे.

    

बादलीत सोडायचा हीटर रॉड या सगळ्यात मला सर्वांत जास्त घाबरवतो. ज्या घरांत गिझर परवडत नाही तिथं तोच असतो आणि तिथंच आरसीसीबी नसतो. रॉड पाण्यात बुडवल्यावर चालू करायचा, आणि पाण्याला हात लावण्याआधी बटण बंद करून पिन काढायची. पाणी तापलं का हे बोट घालून बघायचं नाही. बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असेल तर बंद केल्यावरही रॉड जिवंत असतो, म्हणून पिन काढणं महत्त्वाचं. लोखंडी किंवा स्टीलची बादली नको. दोन पिनांचा रॉड घरात असेल तर तो आजच भंगारात द्या, तीन पिनांचा आणा.

कुणी विजेला चिकटलंच तर त्याला हात लावू नका, आधी मेन पाडा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीनं त्याला बाजूला करा. शुद्ध आणि श्वास नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन लावायला सांगा.

दिवे अचानक उजळले तर

साखर पेठेतल्या एका घरातून बोलावणं आलं होतं. "दादा, टेस्टर दोन्हीकडं लागलालाय बघा, तरी दिवा लागंना." यात भूतबाधा काही नव्हती. न्यूट्रल तुटलेला होता. फेजचा करंट दिव्यातून जाऊन न्यूट्रलच्या वायरीत येऊन थांबतो, पुढं वाट नाही, म्हणून ती वायरही टेस्टर उजळते. टेस्टरचा निऑन पेटायला इतका नगण्य करंट पुरतो की तो पेटला म्हणजे वीज "आहे" एवढंच कळतं, ती काम करू शकेल का हे कळत नाही.

एका घराचा न्यूट्रल तुटला तर नुसता अंधार होतो. पण खांबावर, जिथून तीन फेज वेगवेगळ्या घरांत वाटल्या जातात, तिथला न्यूट्रल सुटला तर काही घरांना दीडशेच व्होल्ट मिळतात आणि काहींना तीनशेच्या वर. टीव्ही, फ्रीज, राउटर एकाच फटक्यात जातात. हे ओळखायची खूण लक्षात ठेवा. मिक्सर किंवा गिझर लावल्यावर दिवे मंद झाले तर कुठला तरी जोड कमजोर आहे, आज-उद्या बघता येईल. मंद होण्याऐवजी दिवे जास्त उजळले, पंखा आपोआप वेगानं फिरायला लागला, तर विचार करत बसू नका, मेन पाडा, शेजाऱ्यांना हाक मारा आणि महावितरणकडे तक्रार करताना "लाइट नाही" असं न सांगता "न्यूट्रल गेलाय, व्होल्टेज वाढलंय" असंच सांगा. मीटरच्या आधीचं, खांबाकडचं काम त्यांचं असतं, आपण तिथं हात घालायचा नाही. मीटरनंतरचं आपलं, आणि तेही परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यायचं.

मावशींच्या घरी त्या दिवशी जळकी वायर हातभर कापून चांगलं तांबं लागेपर्यंत मागं गेलो, लग दाबला, सॉकेट आणि पिन दोन्ही नवं बसवलं. पाहुण्यांच्या आंघोळी चुलीवरच्या पाण्यावर झाल्या. तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो, कारण तांब्याच्या तारा पहिल्या काही दिवसांत स्क्रूखाली दबून बसतात. मेन पाडून पेचकस लावला. नव्या सॉकेटचा स्क्रू पाव फेरा आत गेला. मग मेन बोर्डाचं झाकण काढलं. गिझरच्या एमसीबीचा स्क्रू पूर्ण एक फेरा आत गेला, आणि त्याच्या शेजारचा, फ्रीजचा, त्याहून जास्त.